अंतर आणि अवधी

खंडाळा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लोणावळ्याशेजारचे थंड हवेचे ठिकाण उभे राहते. मला मात्र सातारा जिल्ह्यातील खंडाळा आठवते. पुण्याहून निघून नीरा नदी ओलांडली, शिरवळ मागे टाकले की थोड्याच वेळात हे तालुक्याचे गाव लागते आणि पुढे खंबाटकी घाटाची चढण सुरू होते. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव याच तालुक्यातले, आणि कांद्याच्या बाजारासाठी व्यापाऱ्यांना परिचित असलेले लोणंदही येथलेच.

बँकेच्या नोकरीत काही वर्षे माझा मुक्काम खंडाळ्यास होता. वडील साताऱ्यात धान्याचे दुकान चालवीत. अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर. ‘मनात आले की निघता येईल’ या समाधानात मी होतो.

एका पावसाळी संध्याकाळी शाखेत फोन आला. वडिलांची प्रकृती बिघडली होती. दीड तासात पोहोचतो, असे मी सांगितले. तेव्हा खंबाटकीला बोगदा नव्हता. जाणारी-येणारी सारी वाहने एकाच नागमोडी रस्त्याने चालत. घाटातील एका वळणावर मालाने भरलेला ट्रक बंद पडला होता. पाच तास आमची गाडी जागची हलली नाही. साताऱ्यास पोहोचलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. आई एवढेच म्हणाली, “दोनदा विचारलं त्यांनी, कुठवर आला म्हणून.”

अलीकडे नातवाबरोबर नकाशा पाहताना हा प्रसंग पुन्हा आठवला. चिलीतील सँटियागो आणि अर्जेंटिनातील मेंडोझा ही दोन शहरे त्याने बोटाने मोजली. हवाई अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. विमान तासाभराच्या आत पोहोचते. परंतु मध्ये अँडीज पर्वत उभा आहे. रस्त्याने हेच अंतर साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक भरते आणि सहा-सात तास सहज लागतात. सरहद्दीवरील तपासणीचा वेळ निराळा. तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर सुमारे तीन किलोमीटर लांबीचा बोगदा १९८० मध्ये खुला झाला. तरीही हिवाळ्यात बर्फ पडले की वाट कित्येक दिवस बंद राहते. “मग आजोबा, ही गावं जवळ की लांब?” नातवाने विचारले.

वडिलांकडे याचे उत्तर होते. त्यांच्या वहीत किलोमीटर नसत. कोणता माल किती दिवसांत पोहोचला, एवढीच नोंद असे. भाडे आणि व्याज त्यावरच ठरे. मी मात्र व्यापाऱ्याचा मुलगा असून अंतरालाच अवधी समजत राहिलो.

पुढे खंबाटकीला बोगदा झाला, तोही साताऱ्याहून पुण्याकडे येणाऱ्यांसाठी. जाणाऱ्यांच्या वाट्याला घाटच राहिला. त्यानंतर सहा पदरी जुळ्या बोगद्यांचे काम हाती घेण्यात आले. घाटातील पाऊण तासाचा प्रवास त्यामुळे पाच-दहा मिनिटांवर येईल, असा सरकारी अंदाज आहे. तो खरा ठरो. अनेक घरांतील मुले वेळेवर पोहोचतील.

मी मात्र साताऱ्यास जाताना आजही एक तास आधी निघतो. आणि घरून कोणी “कुठवर आलात?” असे विचारले, तर ‘इतके किलोमीटर राहिले’ असे सांगत नाही, घाट उतरलो की नाही, तेवढेच सांगतो.