टॅप घेण्याआधी

टॅप-डायचा, म्हणजे आटे पाडायच्या हत्यारांचा, मोठा, चकचकीत डबा सायकलवाल्याने घेऊ नये. त्यातले निम्मे टॅप सायकलीला लागत नाहीत आणि अडतो तो टॅप नेमका त्यात नसतो.

*

एम 5 × 0.8. बाटलीचा पिंजरा, कॅरिअर, मडगार्ड, सगळीकडे बहुधा हेच माप. खालोखाल एम 6 × 1. हे दोन टॅप आणि एक छोटे हँडल, बस. एचएसएसचेच (हाय-स्पीड स्टीलचे) मागावेत. मुंबईत नागदेवीला सुटे मिळतात.

*

डिरेलरचा हँगर एम 10 × 1. दुकानात नुसता ‘दहाचा टॅप’ मागितलात तर 1.5 पिचचा हाती पडेल. जाडी तीच, आट्यांतले अंतर वेगळे. ॲल्युमिनियमच्या हँगरात तो फिरवला की उरलेसुरले आटेही जातात. अर्थात हँगर बदलता येण्याजोगा असेल तर टॅप कशाला? नवा हँगर लावावा.

*

पेडलची भानगड मोठी. माप 9/16 इंच, इंचाला 20 आटे. हार्डवेअरवाल्याकडचा 9/16 यूएनएफ टॅप मात्र 18 आट्यांचा! शिवाय डाव्या क्रँकचे आटे उलटे, पेडल मारता मारता सुटू नये म्हणून. तेव्हा टॅपही उलटा हवा. उजवा-डावा अशी जोडीच घ्यावी, तीही सायकलीच्या हत्यारांतली. लहान मुलांच्या अखंड क्रँकच्या सायकलींना बहुधा 1/2 इंच, 20 आटे असतात. तिथे उजवीकडे साधा यूएनएफ टॅप चालून जातो.

*

डाय? तो स्क्रूवर आटे पाडतो; पण स्क्रू खराब झाला तर नवाच आणावा.

*

पिच गेज आधी घ्यावा, टॅप नंतर. दात असलेल्या पात्यांचा हा जुडगा स्क्रूवर टेकवला की आट्यांतले अंतर कळते.

*

आटे साफ करताना टॅप आधी बोटांनीच फिरवावा. बोटांनी दोन फेरे गेला नाही तर तो तिरका आहे किंवा माप चुकले आहे. पोलादाला कटिंग ऑइल, ॲल्युमिनियमला रॉकेल. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, म्हणजे कीस तुटतो. जोर लावू नये: टॅप कडक, म्हणून ठिसूळ. फ्रेममध्ये मोडला तर साधे ड्रिलही त्याला लागत नाही.

*

बॉटम ब्रॅकेट: इंग्रजी पद्धतीत 1.37 इंच, 24 आटे, उजवी बाजू उलटी. इटालियन पद्धतीत 36 मिमी, 24 आटे, दोन्ही बाजू सुलट. टॅप महाग, आणि दोन्ही बाजू एका रेषेत कापाव्या लागतात. हे काम चांगल्या सायकल दुकानात द्यावे.