पाहुणा, पायरी आणि कायदा

नाणेघाटाच्या माथ्यावर एक भला थोरला दगडी रांजण आहे. कल्याण-सोपाऱ्याकडून माल घेऊन घाट चढणारे व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकीत, असे या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. शेजारच्या लेण्यात सातवाहनांच्या राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. हौशी मंडळी रांजणात डोकावतात, लेखापुढे उभे राहून छायाचित्र काढतात आणि खाली घाटघरकडे चहाला जातात. मला मात्र तिथे दर वेळी एकच प्रश्न पडतो. ज्याने जकात दिली, त्याला बदल्यात काय मिळायचे? वाटेत पाय मोडला तर त्याने कोणाकडे पाहायचे?

परक्या मुलखातला माणूस जुन्नरला काही नवा नाही. इथल्या लेण्यांतल्या लेखांत यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. ईरिल नावाच्या एका यवनाने पाण्याची दोन टाकी दिल्याची नोंद त्यांत सापडते. आता तर 2018 साली जुन्नर हा विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला, आणि 2020 साली राज्याचे कृषिपर्यटनाचे धोरणही आले. लेण्याद्री, ओझर, शिवनेरी करून माणसे दक्षिणेला आंबेगावात उतरतात. मंचर-घोडेगावावरून भीमाशंकरची वाट धरतात, डिंभ्याच्या जलाशयाकाठी मुक्काम करतात. शेतघरांत खोल्या निघाल्या, पोहायचे तलाव झाले, हुरडा नि पिठले-भाकरीची पाने पडू लागली. शेतकऱ्याच्या घरात चार पैसे आले, ही आनंदाचीच गोष्ट.

अशाच एका मुक्कामी आमच्यातले एक निवृत्त गुरुजी रात्री न्हाणीघराकडे निघाले. पडवी उतरताना एक पायरी निखळलेली, वर दिवा नाही. गुरुजी पडले ते मनगटावर. मालकाने तत्काळ जीप काढली, मंचरला नेऊन हाड बसवून आणले, मुक्कामाचे पैसेही घ्यायला तयार होईना. माणूस मनाचा मोठा, यात शंका नाही. पण सकाळी ओसरीवर जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला, “नशिबात होतं, लागलं. दुसरं काय!” गुरुजीही मान डोलवीत म्हणाले, “त्यांच्या घरचं मीठ खाल्लंय. तक्रार कसली करायची?”

वाचकहो, घोटाळा इथेच होतो. मीठ खाल्ले खरे. पण ते विकत घेऊन खाल्ले होते. आतिथ्य हा धर्म आहे आणि मुक्काम भाड्याने देणे हा धंदा. ज्याने भाडे घेतले, त्याने पायरी आणि दिवा यांची जबाबदारीही घेतली. ‘अपघातास मालक जबाबदार नाही’ अशी पाटी लावून ती टळतेच असे नाही. दिल्लीच्या एका हॉटेलात पाहुण्याने हवाली केलेली मोटार 1998 साली चोरीस गेली. मोटार ठेवणाऱ्याची जोखीम, असे पावतीवर छापले होते. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आधी स्वतःची वाजवी काळजी सिद्ध केल्याखेरीज हॉटेलला त्या ओळीआड लपता येणार नाही. मोटारीला जो न्याय, तो मनगटाला का नसावा?

तक्रार करायची तर परगावी खेटे घालावे लागतील, ही भीती पूर्वी खोटी नव्हती. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मात्र प्रवाशाला मोठी सवलत दिली: तो स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. मुदत दोन वर्षांची. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्कही नाही. फुकट उतरलेल्या पाहुण्याला हा कायदा लागू पडत नाही. त्याला दिवाणी न्यायालयाची वाट, आणि तीही अपघात झाला त्या किंवा प्रतिवादी राहतो त्या ठिकाणची.

त्या वाटेची लांबी किती, ते एका जर्मन सहवैमानिकाच्या प्रकरणात दिसते. 1972 साली दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलच्या तलावात त्याने सूर मारला, डोके तळाला आपटले आणि शरीर लुळे पडले. 1975 साली दावा दाखल झाला. 1985 साली तो वारला. 1997 साली न्यायालयाने पन्नास लाखांची भरपाई दिली. पण 2002 साली वरच्या पीठाने ती रद्द केली, कारण दाव्याचा हक्क माणसाबरोबरच संपला होता!

आपली मुले आता विलायतेस जातात, त्यांच्या आईबापांनीही हे ध्यानात ठेवावे. साधारणपणे पडलो जिथे, कायदा तिथला. इंग्लंडात 1957 च्या कायद्याने रीतसर आलेल्या प्रत्येक पाहुण्याची वाजवी काळजी घेणे जागेच्या ताबेदारावर बंधनकारक केले. धंदेवाल्याच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या इजेची जबाबदारी नुसत्या पाटीने झटकता येत नाही, असे 1977 च्या कायद्याने ठरवले. तिथे दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची.

गुरुजींसाठी मी त्याच सकाळी पायरीचे छायाचित्र काढले, पावती, डॉक्टरांचा कागद आणि पाहणाऱ्यांची नावे एका पाकिटात घातली. पाकीट आयोगापर्यंत गेले नाही. गुरुजींनी मालकाला एक सरळ पत्र लिहिले. त्याने औषधपाण्याचा सारा खर्च धाडला, पायरी बांधून काढली, दिवा लावला. दोघांचा स्नेह तुटला नाही. उलट पुढच्या हंगामात मालकाने द्राक्षांची पेटी पाठवली.

हक्क मागणे म्हणजे भांडण उकरणे नव्हे. पाहुण्याने कागद जपावेत, मालकाने पायऱ्या जपाव्यात; आणि जमल्यास विम्याचा हप्ताही भरावा. या दोन तालुक्यांत येणाऱ्यांची रीघ वाढतच जाणार आहे. त्यांतला प्रत्येकजण चालत आला तसा चालत घरी परतावा, एवढी काळजी भाकरीइतकीच जरूर आहे.