अर्धा मायक्रॉन

नायलॉनच्या टोकाच्या स्क्रूंवर माझा कधीच विश्वास नव्हता, तरी गाइडस्कोपची, म्हणजे फोटो काढताना एक तारा धरून ठेवणाऱ्या छोट्या जोडदुर्बिणीची, दोन कडी आणि त्यांतले सहा स्क्रू यांच्यातच माझी उमेदीची वर्षं गेली. आता उजव्या अंगठ्याच्या सांध्यात संधिवात शिरलाय. स्क्रू चिमटीत धरता येतो, फिरवताही येतो, पण शेवटचा पाव फेरा बसत नाही. माझा सगळा अभिमान त्या पाव फेऱ्यावर उभा होता.

अभिमान होता, तो लपवत नाही. आमच्या गटात कुणाच्या फोटोत तारे लांबुळके आले की दुर्बीण माझ्याकडे यायची. मी गाइडस्कोपच्या नळीवर दोन बोटं ठेवून हलकेच दाबायचो आणि कुठला स्क्रू ढिला आहे ते सांगायचो. तरुण मुलं भोवती उभी राहून बघायची. मला ते फार आवडायचं.

ज्यांना हा त्रास झालाय त्यांना लक्षणं सांगायला नकोत. पीएचडी या गाइडिंगच्या सॉफ्टवेअरचा आलेख सपाट, चूक अर्ध्या आर्कसेकंदाच्या आसपास, माउंटबद्दल तक्रारीला जागा नाही. आणि दहा मिनिटांची फ्रेम उघडावी तर प्रत्येक तारा एकाच दिशेला ओढलेला. ध्रुव नीट साधलेला नसेल तर तारे गाइडच्या ताऱ्याभोवती कमानीसारखे फिरतात. इथे तसं काही नसतं. सगळे मुकाट्याने एका रेषेत सरकलेले. म्हणजे गाइडस्कोप एका दिशेला बघतोय आणि मुख्य दुर्बीण हळूहळू दुसरीकडे. गाइडचा कॅमेरा त्याच्या ताऱ्याशी प्रामाणिकच असतो, पण त्या प्रामाणिकपणाचा मुख्य कॅमेऱ्याला काही उपयोग होत नाही.

माझी दुर्बीण आठ इंची न्यूटोनियन, नाभीय अंतर 1000 मिलिमीटर. कॅमेऱ्याचा पिक्सेल 3.76 मायक्रॉनचा, म्हणजे एका पिक्सेलमध्ये आकाशाचा 0.78 आर्कसेकंद मावतो. गाइडस्कोपच्या दोन कड्यांमध्ये अंतर जेमतेम 10 सेंटिमीटर. आता हिशेब करा. एक कडं दुसऱ्याच्या मानाने अर्धा मायक्रॉन खचलं की गाइडस्कोप एक आर्कसेकंद कलतो. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. दहा मिनिटांत पाच आर्कसेकंद सरकायला, म्हणजे तारा सहा पिक्सेल लांब व्हायला, केसाचा पंचविसावा भागसुद्धा लागत नाही.

आणि खचायला कारणं कमी नाहीत. मृग पूर्वेला असतो तेव्हा गाइडस्कोपचं वजन एका बाजूच्या स्क्रूंवर पडतं. तो मध्यावर येईतो नळी माउंटबरोबर फिरलेली असते आणि भार दुसऱ्या स्क्रूंवर गेलेला असतो. नायलॉन दबतं, आणि दबत राहतं. थंडी वाढते तसं ते आक्रसतं, तेही अॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी अधिक. गाइड कॅमेऱ्याची केबल मोकळी लोंबत असेल तर तीही ओढते. फाइंडरचा बूट ज्या पत्र्यावर बसवलेला असतो तो पत्रा स्वतःच लवतो. त्या बुटावर गाइडस्कोप बसवणाऱ्यांशी मी अनेक वर्षं वाद घातलेत आणि पुढेही घालीन. गाइडस्कोपची जागा मुख्य नळीच्या दोन्ही कड्यांना जोडणाऱ्या जाड पट्टीवर. फाइंडरच्या बुटावर फाइंडरच शोभतो.

गेल्या हिवाळ्यापासून एक मुलगी माझ्याकडे शिकायला येते. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा अंगठा चालेना तेव्हा स्क्रू आवळायचं काम तिच्याकडे आलं. मी सांगायचो, कड्यातले तिन्ही आळीपाळीने घे, नायलॉन दबायला लागलं की थांब, मग अजून जरासं. ती विचारायची, जरासं म्हणजे किती? मला सांगता यायचं नाही. माझ्या बोटांना ते ठाऊक होतं, मला कधी ठाऊक करून घ्यावं लागलं नव्हतं.

वेल्ह्याच्या पलीकडे आम्ही जातो तिथे ईशान्येला पुण्याचा उजेड असतो, पण माथ्यावर आणि दक्षिणेला आकाश अजून बरं आहे. तिथे एका रात्री ती म्हणाली, "काका, हे स्क्रू मुळात आहेत कशासाठी?"

मी म्हटलं, गाइडचा तारा शोधायला. गाइडस्कोप इकडेतिकडे कलवून एखादा ठळक तारा मध्यावर आणायचा.

"पण आपण तो कधीच कलवत नाही."

खरंच कलवत नाही. पूर्वी डोळ्याने, उजळलेल्या क्रॉसहेअरवर गाइड करायचे, किंवा गाइडचे कॅमेरे मंद असायचे, तेव्हा तारा शोधायला अंश-दोन अंश हिंडावं लागायचं. आताचा कॅमेरा दोन सेकंदांत कुठेही पाच-दहा तारे उचलतो. गाइडस्कोप मुख्य दुर्बिणीला तंतोतंत समांतर असण्याचीही गरज नसते; अर्धा अंश वाकडा असला तरी चालतो, फक्त तो तेवढाच वाकडा राहायला हवा. ज्या कामासाठी सहा स्क्रू होते ते कामच उरलेलं नाही. तरी दुकानात मिळणाऱ्या कड्यांमध्ये ते आहेतच, लाल-निळ्या रंगात चमकणारे, आणि फोटो बघून लोक तीच घेतात.

तिने भोसरीतल्या एका वर्कशॉपमधून अॅल्युमिनियमचे दोन ठोकळे करून आणले. भोक गाइडस्कोपच्या नळीच्या मापाचं, एका बाजूला चीर, चिरेवर एक एम-6 बोल्ट. ठोकळे पट्टीवर थेट बसवलेले, मध्ये ना डोव्हटेल ना बूट. अॅलन कीने आवळायचं, की झालं. पहिल्याच रात्री तासाभराच्या फ्रेम एकमेकींवर न जुळवता रचल्या. पूर्वी तारा जिथे ठसठशीत रेघ काढायचा तिथे आता लहानसा अंडाकृती ठिपका होता. तिला आनंद झाला, मलाही झाला. पण घरी येताना गाडीत माझं मन जड होतं, हेही सांगतो. त्या बोल्टला कुणाचीही बोटं चालतात.

गटातले काहीजण म्हणतात, ही सगळी झटापटच कशाला? ऑफ-अॅक्सिस गाइडर लावा. मुख्य दुर्बिणीतलाच प्रकाश प्रिझमने वळवला की एक कलेल आणि दुसरी नाही हा प्रश्नच मिटतो. 2000 मिलिमीटरच्या श्मिट-कॅसेग्रेनला, जिचा आरसाच आत सरकतो, त्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. माझ्या न्यूटोनियनला ते मी मानत नाही. कोमा करेक्टरनंतरच्या 55 मिलिमीटरमध्ये सगळं बसवा, मग त्या इवल्याशा प्रिझममध्ये कडेचा एखादा फुगलेला तारा शोधत बसा. दुसरे म्हणतात, एक-एक मिनिटाच्या फ्रेम घ्या आणि संगणकाला रचू द्या. आताच्या सेन्सरला ते बऱ्यापैकी जमतं, आणि दहा-दहा सेकंदांच्या फ्रेम घेणाऱ्या चिमुकल्या स्वयंचलित दुर्बिणींमुळे कितीतरी घरांत आकाश पोचलंय, त्याचा मला आनंदच आहे. पण शहराच्या उजेडात हायड्रोजनच्या 656.3 नॅनोमीटरवर तीन नॅनोमीटरची फिल्टर लावलीत की पार्श्वभूमी इतकी काळी होते की एका मिनिटात सेन्सरच्या स्वतःच्या गोंगाटापलीकडे काही उरत नाही. तिथे लांब एक्स्पोजर हवंच.

शिवाय एकेक फ्रेम उघडून बघायची सवय जातेय, याचं मला खरोखर वाईट वाटतं. एडवर्ड बर्नार्ड 1889 पासून लिक वेधशाळेत आकाशगंगेचे फोटो काढत होता, तेव्हा रचायला दुसरी फ्रेम नव्हतीच. तासन्‌तास डोळा शेजारच्या दुर्बिणीला, एका ताऱ्यावर, आणि हाताने दुरुस्ती. मृगातल्या हॉर्सहेड या काळ्या मेघाला आजही आपण त्याच्या 1919 च्या यादीतल्या क्रमांकाने बर्नार्ड 33 म्हणतो. त्याची प्लेट एकच असायची, आणि ती एकटी टिकायची. मला तशी फ्रेम हवी असते: एकटीने उभी राहणारी, हॉर्सहेडची, वीस मिनिटांची, कोपऱ्यापर्यंत गोल ताऱ्यांची. शास्त्राला तिचा उपयोग नाही. ती काढून मला लोकांना दाखवायची असते, एवढंच.

अजून एक सरक उरली आहे. मृग मध्यावरून पश्चिमेला गेला आणि माउंटने बाजू पालटली की पहिली दहा-पंधरा मिनिटं तारे पुन्हा थोडे ओढले जातात. ठोकळे निर्दोष आहेत, ते तपासलं. आता संशय मुख्य आरशावर आहे. तो क्लिपांमध्ये जराशी जागा घेऊन बसतो आणि बाजू पालटताना दुसरीकडे टेकतो. पावसाळ्यात आरसा काढायचा, मागे तीन ठिकाणी सिलिकॉनचे ठिपके द्यायचे, दोन-तीन मिलिमीटर जाड, म्हणजे काच थंडीत मोकळी राहील पण घसरणार नाही. हेही काम तीच करणार आहे. तिचं म्हणणं, त्यानंतर दहा मिनिटांच्या फ्रेम भरपूर होतील, वीसची गरज नाही. हिशेबाने ती बरोबर आहे. मी वीसच मागणार आहे.