कांद्याच्या पापुद्र्याआड

आमच्या गावात कुणाचीही गोष्ट लपत नाही. सकाळी कुणाच्या चुलीवर काय शिजले ते दुपारी पारावर माहीत असते, आणि एस. टी.ने जालन्याला कोण कशासाठी गेले हे तो माणूस परत येण्याआधीच गावाला कळलेले असते. अशा गावात वाढलेल्या मुलीला 'ओळख न दाखवता जगभर हिंडता येते' असे कुणी सांगितले, तर तिला ते आधी खोटेच वाटणार. मलाही वाटले. गावाचे नाव मी इथे देत नाही. आपल्या जिल्ह्यात तालुके आठ. त्यांतल्या कुठल्या तालुक्यातले तेही सांगत नाही. का, ते पुढे येईलच.

मला हे प्रथम सांगितले ते वसतिगृहातल्या माझ्या खोलीमैत्रिणीने. माझा मोबाईल तसा पूर्णपणे माझा नव्हे. तो दादाचा जुना. सुट्टीत घरी गेले की दादा तो सहज हातात घेतो आणि मी काय काय पाहिले ते वरखाली करून बघतो. त्याचा हेतू वाईट नसतो. पण एखादी गोष्ट शोधण्यापूर्वी माझे बोट थबकते ते थबकतेच. मैत्रीण म्हणाली, "टॉर नावाचा ब्राउझर घे. फुकट आहे. बंद केला की मागे काही ठेवत नाही, आणि समोरच्यालाही कळत नाही की तू कोण, कुठली." मी घेतला. पहिल्यांदा उघडला तेव्हा काय शोधावे तेच सुचेना. शेवटी आपल्याच कॉलेजचे नाव शोधले! बऱ्याच वेळाने पान उघडले ते कुठल्याशा परक्या भाषेतल्या सूचनांसह. माझी आजी जिला अजून औरंगाबाद म्हणते त्या छत्रपती संभाजीनगरच्या पलीकडे मी कधी गेलेली नाही, आणि त्या यंत्राच्या लेखी मी त्या क्षणी युरोपात कुठेतरी बसले होते. मला फार हसू आले.

हे होते कसे? मी वाचून जे समजून घेतले ते आपल्या एस. टी.च्या भाषेत सांगते. समजा, मला एक चिठ्ठी गुपचूप पाठवायची आहे. ती मी एका पाकिटात घातली, ते पाकीट दुसऱ्यात आणि ते तिसऱ्यात. बाहेरचे पाकीट मी परतूरच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिले. तो ते फोडतो. आत लिहिलेले असते, 'जालना स्थानकावर अमक्या कंडक्टरला द्या.' तो देतो. दुसरा आपले पाकीट फोडतो, तर आत तिसऱ्याचा पत्ता. तिसरा शेवटचे पाकीट फोडून चिठ्ठी मुक्कामी पोचवतो. पहिल्याला मी ठाऊक, पण चिठ्ठी कुणाला जाते ते ठाऊक नाही. तिसऱ्याला मुक्काम ठाऊक, पण पाठवणारी ठाऊक नाही. मधल्याला तर दोन्ही टोके ठाऊक नाहीत. टॉरमध्ये असे तीन टप्पे असतात, आणि ते चालवणारे संगणक जगभरच्या स्वयंसेवकांचे असतात. असे काही हजार संगणक आहेत. पापुद्रा काढला की आत दुसरा पापुद्रा, म्हणून या पद्धतीला कांद्याचे नाव मिळाले.

ही कल्पना निघाली कुठून, तर १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतून. पॉल सायव्हरसन आणि त्यांचे सहकारी यांनी ती मांडली. पुढे २००२ च्या सुमारास रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांच्याबरोबर टॉर उभे राहिले, आणि २००६ मध्ये त्याची ना-नफा संस्था झाली. आता नौदलाने आपली गुप्त वाट सगळ्या जगाला का खुली करावी? हे वाचून मी चकित झाले. ती वाट फक्त नौदलानेच वापरली असती, तर त्या वाटेने येणारा प्रत्येक माणूस नौदलाचाच हे उघड झाले असते. लपायचे तर गर्दी हवी. पत्रकार, व्यापारी, विद्यार्थी, नवऱ्याच्या धाकातून सुटू पाहणारी बाई, आणि हो, चोरही, असे सगळे त्याच वाटेवर असतील तरच त्यांतला एक ओळखू येत नाही. हे वाक्य मी वहीत उतरवून ठेवले होते. त्याचा अर्थ मला पुढे चांगलाच कळला.

तिसऱ्या कंडक्टरची गोष्ट सांगायची राहिली. चिठ्ठी शेवटच्या पाकिटातून निघाली आणि तिच्यावर स्वतःचे वेगळे सील नसेल, तर तो ती वाचू शकतो. २००७ मध्ये स्वीडनच्या डॅन एगरस्टाडने हेच दाखवले. त्याने स्वतःच काही शेवटचे टप्पे चालवायला घेतले, आणि उघड्या जाणाऱ्या मजकुरातून वकिलाती व सरकारी कचेऱ्यांच्या सुमारे शंभर ई-मेल खात्यांचे पासवर्ड त्याच्या हाती आले. त्यांत भारताच्या वकिलाती होत्या आणि आपल्या पुण्याजवळच्या खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीही होती. ती खाती त्या वाटेने नेमके कोण वाचत होते हा निराळा प्रश्न. पत्त्याआधी कुलपाचे चिन्ह असणारी संकेतस्थळे आता पुष्कळ झाली आहेत, त्यामुळे हा धोका तेव्हापेक्षा कमी. पण गेलेला नाही.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, व्हीपीएन घ्यावे. व्हीपीएन म्हणजे तीनऐवजी एकच कंडक्टर. त्याला दोन्ही टोके ठाऊक. तो भला असेल तोवर ठीक. आपल्याकडे तर एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावे, पत्ते पाच वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला, आणि काही परदेशी कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलवले. टॉर वापरण्यावर मात्र आपल्याकडे देशभराची अशी बंदी नाही. त्या वाटेने जाऊन गुन्हा केला तर तो अर्थातच गुन्हा. आणि ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, हे राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी शिकवलेच आहे.

पण हे सगळे मी हौसेने वाचले नाही. कारण वेगळे होते.

आमच्या शेजारच्या घरात एक मुलगी आहे. तिला मी इथे धाकटी म्हणते. मागच्या वर्षी तिला सोळावे लागले होते आणि ती दहावीला बसणार होती. दिवाळीच्या आधी आई फोनवर बोलता बोलता म्हणाली, "धाकटीचं जमलंय बरं का. कोयता निघायच्या आत उरकायचं म्हणतेत. देवळातच, मांडव नाही, वाजंत्री नाही. कुणाला बोलू नको."

ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडून दिवाळीच्या सुमारास माणसे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकात जातात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. पोराचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो, आणि वयात आलेल्या पोरीला मागे एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची हा प्रश्न पोरीच्या बापापुढे असतो. धाकटीचे वडील वाईट नाहीत. त्यांना मी लहानपणापासून काका म्हणते. मला पहिल्यांदा शाळेत सायकलवर बसवून नेले ते त्यांनीच.

त्या रात्री मी टॉर उघडले. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा शोधला. मुलीला अठरा, मुलाला एकवीस. खेड्यात प्रतिबंध अधिकारी म्हणून ग्रामसेवक असतो हे वाचले; त्या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, आमच्या तोंडी अजून ग्रामसेवकच. दादाच्या डोळ्यांआड हे सारे वाचता आले एवढे खरे, आणि ते थोडके नव्हते. तक्रार करायला गेले तेव्हा मात्र गाडी अडली. एक संकेतस्थळ टॉरमधून उघडेचना. टॉरच्या शेवटच्या टप्प्यांची यादी जाहीर असते, त्यामुळे कुणीही ती वाट बंद करू शकतो. दुसरे उघडले, तर अर्जात पहिला रकाना नावाचा, दुसरा मोबाईलचा, आणि पुढे जायचे तर त्या मोबाईलवर आलेला ओटीपी. तीन देशांतून लपतछपत यायचे आणि दारात उभे राहून स्वतःचे नाव ओरडून सांगायचे! मी मोबाईल पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या फोनवरून १०९८ लावला. मैत्रीण वेगळ्या तालुक्यातली. तिकडच्या बाईंनी नाव विचारले आणि लगेच म्हणाल्या, "सांगायचं नसेल तर राहू द्या." मी राहू दिले. मुलीचे नाव, गाव, देऊळ, वार, वेळ सांगितली. माझा आवाज इतका कापत होता की त्यांनी मला दोनदा पाणी पिऊन यायला सांगितले.

लग्न थांबले. आदल्या दिवशी ग्रामसेवक, अंगणवाडीताई, पोलीस पाटील असे काकांच्या दारात गेले, शाळेचा दाखला पाहिला, मुलगी अठराची होईपर्यंत लग्न करणार नाही असे लिहून घेतले. आलेल्यांनी कुणाचेही नाव घेतले नाही, कारण ते त्यांना ठाऊकच नव्हते. माझी चिठ्ठी कुठल्याही कंडक्टरने फोडली नाही.

तरी संध्याकाळपर्यंत गावाला कळले. लग्न देवळात, मांडवाशिवाय, त्या वारी त्या वेळेला, हे फक्त चार घरांना माहीत होते. त्या चार घरांत कॉलेजात शिकणारी पोरगी एकच. यंत्र लागले नाही, पोलीस लागले नाही. आईचा फोन आला. ती रागावली नाही, हळू आवाजात म्हणाली, "मी तुलाच तर बोलले होते गं." मी म्हटले, "मी नाही." आईने फोन ठेवला.

डिसेंबर २०१३ मधली अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठातली घटना मी यानंतर वाचली. परीक्षा टळावी म्हणून एका विद्यार्थ्याने बॉम्बच्या खोट्या धमक्यांचे ई-मेल पाठवले. टॉर वापरले, तात्पुरता पत्ता वापरला. त्याचे टॉर कुणी फोडले नाही. त्या सकाळी विद्यापीठाच्याच नेटवर्कवरून टॉर कोण वापरत होते एवढेच पाहिले. तो सापडला आणि त्याने कबूल केले. त्याचे काम आणि माझे काम यांची तुलना नाही, परीक्षेला माझाही जीव घाबरतो तरीसुद्धा. पण वाचताना माझ्या पोटात गोळा आला. त्याची गर्दी फार लहान होती. माझी तर चार घरांचीच.

आमच्या शेताला जायची गाडीवाट काकांच्या बांधावरून जाते. दिवाळीला घरी गेले तेव्हा त्या वाटेवर बाभळीची काटी पडली होती. कापूस वेचून आणायला बाबांना ओढ्याला वळसा घालून जावे लागत होते. बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. संक्रांतीला आईला वाणाला कुणी बोलावले नाही, तेही मला दादाकडून कळले. आणि धाकटी? तिला मागे कुणापाशी ठेवायचे हा प्रश्न माझ्या फोनने सुटला नव्हताच. काकांनी तिला बरोबर नेले. ती कोपीवर भाकऱ्या थापत होती, धाकटी भावंडे सांभाळत होती. त्या वर्षीची तिची दहावी बुडाली. रात्री झोप येईना तेव्हा मी हिशोब करी, की मी काय थांबवले आणि काय नाही.

संपादक सरांनी विचारले, लेखाखाली नाव छापायचे का? मी म्हटले, 'बी. ए. द्वितीय वर्ष' एवढेच पुरे. मग वर्गाच्या हजेरीपटावर खेड्यातून येणाऱ्या मुली मोजल्या. एकतीस भरल्या. चारांपेक्षा बऱ्या.

एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला आणि काकांचे बिऱ्हाड परत आले. मी घरी गेले होते. संध्याकाळी हापशावर धाकटी भेटली. उन्हाने काळवंडलेली, हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे. आजूबाजूला कुणी नव्हते. "ताई, तूच ना?" तिने विचारले. या वेळी मला 'मी नाही' म्हणता आले नाही. ती म्हणाली, "मला तवाच कळलं व्हतं. तुझ्याबिगर कोन हाय?" मग घागर भरेपर्यंत गप्प राहिली. ती रागावली आहे की काय, ते मला तिच्या चेहऱ्यावरून ओळखता येईना. घागर डोक्यावर घेता घेता म्हणाली, "सतरा नंबरचा फॉर्म कुठं भरत्यात गं?"

फॉर्म सुटल्यावर आम्ही तो माझ्याच मोबाईलवर, साध्या ब्राउझरमध्ये भरला. नाव, आईचे नाव, जन्मतारीख, गाव, तालुका, जिल्हा, सगळे रकाने. ओटीपी काकांच्या मोबाईलवर आला. त्यांनी तो चष्मा लावून एकेक आकडा वाचत स्वतः सांगितला, माझ्याकडे न पाहता.