दोन जिवांचे संरक्षण

२०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेने राहुरीची बाजारपेठ हवालदिल झाली होती. येथील एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी तेव्हा सूनबाईंना पाचवा महिना होता. ठरलेल्या वेळेत दुकान उघडले की गिऱ्हाइकांची रीघ लागे. सासरे आणि पती दोघेही गल्ल्यावर असत. आजार घरात शिरण्याची धास्ती रोजचीच होती. वडीलधाऱ्यांनी लस घेतली. गरोदर स्त्रियांना मात्र ती अद्याप खुली नव्हती.

२ जुलै २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्यांच्या लसीकरणास मान्यता दिली आणि घरात दोन मते पडली. ‘‘बाळंतपण सुखरूप होऊ द्या, मग पाहू,’’ असे सासूबाईंचे म्हणणे. त्यामागे मायाच होती. परंतु गरोदरपणात करोना झाल्यास आजार गंभीर होण्याचा आणि प्रसूती वेळेआधी होण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टरांनी समजावले. थांबण्यातही जोखीम होतीच.

तेव्हा आजेसासू बोलल्या. त्यांचे पहिले बाळ घरीच जन्मले आणि आठव्या दिवशी धनुर्वाताने गेले. नाळेच्या जखमेतून जंतू शिरत. बाळ दूध ओढेनासे होई. धाकट्याच्या वेळी त्यांनी भीतभीतच धनुर्वाताची इंजेक्शने घेतली. या लसीने आईच्या रक्तात तयार होणारी प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि जन्मापासूनच त्याचे रक्षण करतात. स्वच्छ प्रसूती आणि ही लस यांच्या बळावर भारतात नवजात धनुर्वाताचे प्रमाण प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून खाली आले. २०१५ मध्ये त्याच्या निर्मूलनावर शिक्कामोर्तब झाले.

लस घ्यावी की नाही, हे सरकारने गर्भवतीच्या इच्छेवर सोपवले होते. घरानेही तेच मानले. सूनबाईंनी डॉक्टरांना शंका विचारल्या आणि लस घेतली. एक दिवस हात दुखला, किंचित ताप आला. दुसऱ्या मात्रेची तारीख सासऱ्यांनी दुकानातील कॅलेंडरवर, येणी-देणीच्या नोंदींशेजारी लिहून ठेवली.

आज करोनाची ती धास्ती उरलेली नाही; धनुर्वात व घटसर्प यांवरील ‘टीडी’ लस मात्र प्रत्येक गर्भवतीसाठी आवश्यकच आहे. पहिली मात्रा गरोदरपणाच्या सुरुवातीस, दुसरी चार आठवड्यांनी. सरकारी दवाखान्यात ती विनामूल्य मिळते. घरात गोड बातमी कळताच डोहाळजेवणाच्या बेताआधी या दोन तारखा नोंदवाव्यात.