बांधाच्या आतली शेतं

चेंबूर,
१२ नोव्हेंबर

चि. मनू,


मे महिन्यात नेदरलँड्सला आले तेव्हा तू मला लायडनहून बॉस्कोपला सायकलवर नेलंस. असा पाण्याच्या पातळीखालचा, बांधांनी राखलेला मुलूख आपल्याकडेही आहे आणि चेंबूरपासून फार लांब नाही, हे तेव्हापासून मनात घोळत होतं. परवाच्या रविवारी इथल्या सायकलवाल्या मैत्रिणींना तो दाखवून आणला. अलिबाग तालुक्यातला खारेपाट.

पहाटे वडाळा-शिवडीवरून भाऊचा धक्का गाठला, तिथून रेवसची लाँच. रेवसहून पोयनाडकडे निघालं की उजव्या हाताला कनकेश्वरचा डोंगर राहतो आणि पुढे जमीन तळहातासारखी सपाट होत जाते. भात कापून झालेलं, खळ्यांवर झोडणी चाललेली, घराघरापाशी जिताडा माशांचं तळं. आणि शेतांच्या टोकाला धरमतर खाडीचा मातीचा बांध. बॉस्कोपच्या वाटेवर कालव्यातली बोट आपल्या डोक्याच्या वरून चाललेली पाहून मी सायकल थांबवली होती, आठवतं ना? भरतीच्या वेळी या बांधावर चढून बघ. खाडीचं पाणी आतल्या शेतापेक्षा उंच उभं असतं.

तुमच्याकडे पाणी उपसायला आधी पवनचक्क्या होत्या, आता पंप आहेत. आपल्याकडे उघाडी. बांधाच्या पोटातून काढलेली मोरी आणि तिच्या खाडीकडच्या तोंडावर वरून टांगलेली झडप. भरती आली की खाडीचं पाणीच झडपेला रेटून बंद करतं. ओहोटी लागली की आत साठलेलं पावसाचं पाणी तिला आतून ढकलतं आणि बाहेर निघून जातं. एका उघाडीपाशी आम्ही ओहोटी लागेपर्यंत बसलो. आधी कडेनं नुसता पाझर, मग झडपेची फळी हलली, मग पाण्याचा लोट आणि त्यात उलटसुलट होणारे मासे. ना वीज, ना माणूस. पण फळीत एखादा ओंडका अडकून राहिला, तर एका भरतीत खारं पाणी आत येतं. म्हणून कुणीतरी रोज येऊन बघावं लागतं.

हे बघणं पूर्वी गावाचं काम होतं. शेतकरी एकत्र येऊन बांधावर चिखल चढवत, बांध फुटून खांड पडली की रात्रीबेरात्री घरटी माणूस निघे. मग १९४८ साली मुंबई सरकारनं खारजमिनींचा कायदा केला, १९७९ साली महाराष्ट्राचा नवा कायदा आला आणि बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली. सरकारनं पैसा घालणं योग्यच होतं. पण गावाचा हात सुटला तो सुटलाच. आता खांड पडली की अर्ज जातो, आणि भरती अर्जासाठी थांबत नाही. खारं पाणी शिरलेलं शेत पुढची काही वर्षं पिकत नाही. मीठ पावसानं धुऊन निघावं लागतं. खांड तशीच राहिली तर शेतात तिवरं उगवतात आणि बांधच कुठे होता ते कळेनासं होतं. अशी शेतं आम्ही पाहिली. एक आजोबा हात करून दाखवत होते, ते तिवरांचं रान म्हणजे आमची भाताची खाचरं.

तुझ्या लायडनमध्येच राइनलँडच्या पाणी मंडळाचं कार्यालय आहे. १२५५ सालच्या कागदांत त्याचा उल्लेख सापडतो आणि अजून त्याच्या निवडणुका होतात, लोक मत देतात. मला हेवा वाटला तो या गोष्टीचा. आपली जमीन आपणच राखायची, हे बॉस्कोपच्या रोपवाटिकांतही दिसलं. विकलेलं प्रत्येक झाड मुळांभोवतीचा मातीचा गोळा घेऊन जातं, वाफे खचत जातात आणि ती माणसं चरातला गाळ काढून पुन्हा वर चढवतात. पिढ्यान् पिढ्या. रविवारी खारेपाटातून परतताना आम्ही चोंढी-झिराडवरून मांडव्याला आलो. त्या रस्त्याला रोपवाटिका आहेत, काळ्या पिशव्यांतली सुपारी, आंबा, जास्वंद. बरीच रोपं मुंबईकरांच्या बंगल्यांसाठी जातात. ते बंगलेवाले खारेपाटात क्वचितच वळत असतील.

आणि ही नुसती देखणी जमीन नाही गं. पोयनाडजवळच्या चरीला १९३३ साली खोतांविरुद्ध संप झाला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९३९ पर्यंत जमिनी पडीक ठेवल्या, उपास काढले, लाकूडफाटा विकून दिवस ढकलले. डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. कुळांना कायद्याचं संरक्षण मिळण्याची वाट तिथून निघाली. ज्या मातीसाठी माणसं अशी लढली ती एका फुटक्या उघाडीपायी जावी, हे मला सहन होत नाही.

आता कामाचं. तिथल्या काही तरुण शेतकऱ्यांशी आमचं बोलणं झालं. आतल्या गावांतून बांधाकडेनं सायकलीची वाट आखायची, तुमच्यासारखी. फाट्याफाट्यावर आकड्याची पाटी, माणसानं आकडे कागदावर लिहून घ्यायचे आणि निघायचं. बांधावर मोटारी अजिबात नकोत, हे त्यांचं म्हणणं आणि माझंही. चार पैसे न्याहारीतून, तांदळातून गावात राहतील. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रविवारी बांधावरून जाणारी माणसं असतील, तर खांड लहान असतानाच दिसेल आणि ओरड होईल.

तेव्हा तू एवढं कर. त्या आकड्यांच्या पाट्यांचे जवळून फोटो काढ, खांबाची उंची मोज, दोन पाट्यांत साधारण किती अंतर ठेवतात ते बघ. आणि त्यांची देखभाल कोण करतं, खर्च कोण देतं, हे विचारून सविस्तर कळव. २६ जानेवारीच्या तिथल्या ग्रामसभेत हा विषय मांडायचा आहे. त्याआधी तुझं उत्तर हवं.

तुझी,
आत्या