डावा हात फोनवर

मेटॅलिकाच्या ‘नथिंग एल्स मॅटर्स’ची सुरुवात वाजवायला डावा हात लागतच नाही. सहावी तार, मग तिसरी, दुसरी, पहिली, पुन्हा दुसरी, पुन्हा तिसरी, सगळ्या मोकळ्या. एकाही फ्रेटवर बोट ठेवायचं नाही. गिटार सुरात असली की ई मायनर आपोआप वाजतो. त्यामुळे क्लासला नुकता आलेला, अजून बोटांची टोकं दुखतात म्हणून कुरकुरणारा पोरगाही पहिल्या महिन्यातच घरी जाऊन सांगतो, मला हे गाणं येतं.

हे असं का झालं, ते बँडच्या गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्डने मुलाखतींतून सांगितलेलं आहे. तो मैत्रिणीशी फोनवर बोलत होता. एका हातात फोन, म्हणजे फ्रेटबोर्ड धरायला हात नाही. दुसरा हात बोलता बोलता तारांवर फिरत राहिला. त्यातून जे निघालं ते त्याचं खासगी होतं. दौऱ्यांमुळे तुटलेपण आलेल्या माणसाने स्वतःपुरतं केलेलं. बँडसाठी ते नाहीच, असं त्याचं मत होतं. ड्रमर लार्स उलरिकच्या कानावर ते पडलं आणि त्याने ते अल्बममध्ये घ्यायचा आग्रह धरला, म्हणून आपल्यापर्यंत आलं.

हेटफिल्डचा संकोच समजण्यासारखा आहे. हा बँड कोणता होता ते आठवा. 1986 चं ‘मास्टर ऑफ पपेट्स’ ऐका. मिनिटाला दोनशेहून जास्त ठोके आणि त्यावर रिदम गिटार जवळपास सगळी डाउनस्ट्रोकवर. पिक वर आणताना तार वाजवायचीच नाही, फक्त खाली जाताना मारायची. सलग आठ मिनिटं हे करून बघा, मनगट आणि कोपर दोन्ही बोलायला लागतात. संथ सुरुवात त्यांना अगदीच परकी नव्हती. 1984 चं ‘फेड टू ब्लॅक’ मऊ सुरू होतं, 1988 चं ‘वन’ही. पण ही दोन्ही गाणी शेवटी वेग पकडतात, ड्रम धावायला लागतात आणि जुना चाहता सुटकेचा श्वास टाकतो. ‘नथिंग एल्स मॅटर्स’ मात्र साडेसहा मिनिटांच्या आसपास चालतं आणि कुठेही धावत नाही. वर विषय प्रेमाचा. चाहते बिथरले, बँड विकला गेला अशी ओरड झाली, त्यात नवल नाही.

मला मात्र ‘दणदणीत बँडने अचानक गायलेलं हळवं गाणं’ ही गोष्ट कधीच पुरती पटली नाही. मी हात बघतो. हेटफिल्डची खरी ओळख उजव्या हातात आहे. त्या दणदणाटात तो काय करतो? तळहाताची कड ब्रिजपाशी तारांवर टेकवतो, पिक मारतो, आणि सूर फुटता फुटताच दाबला जातो. तो ‘ढग् ढग्’ आवाज येतो तो यातून. या गाण्यात त्याने पिक बाजूला ठेवला आणि तळहात दोन बोटं वर उचलला, एवढंच. आता कुठलाच सूर दाबला जात नाही. सहावी तार वाजते, ती पुढच्या पाचही सुरांखाली घुमत राहते, आणि एकेक करून बाकीच्या तिच्यात मिसळतात. हाताची शिस्त तीच, घड्याळासारखी. फक्त हात तारांवरून उठला.

ही शिस्त शिकवायला घेतली की पहिल्या महिन्यातला तो आनंद ओसरतो. सहा सूर, म्हणून तबला शिकलेल्या मुलांना मी सांगतो, दादरा धर. वजन पहिल्या मात्रेवर आणि चौथीवर. अंगठा सहाव्या तारेवर, तर्जनी तिसऱ्या, मधलं बोट दुसऱ्या, अनामिका पहिल्या तारेवर. आता मोजून बघा, चौथी मात्रा कुणाच्या वाट्याला आली? अनामिकेच्या. हाताचं सगळ्यात आळशी आणि परावलंबी बोट, आणि सगळ्यात वरचा, सगळ्यात ऐकू येणारा सूर तिनेच उचलायचा. नवशिक्याचा अंगठा धाडकन् पडतो आणि अनामिका नुसती स्पर्शून जाते. मग गाणं लंगडतं. डाव्या हाताच्या मागे लपायची सोय नसते. एरवी कॉर्ड बदलण्याच्या गडबडीत उजव्या हाताचा गचाळपणा झाकून जातो, इथे नाही. फोनमुळे डावा हात बाजूला झाला आणि उजवा उघडा पडला, असं मी या गाण्याकडे बघतो.

रेकॉर्डिंग लॉस एंजेलिसच्या वन ऑन वन स्टुडिओत झालं. ऑक्टोबर 1990 मध्ये सुरू झालेलं अल्बमचं काम पुढच्या जूनपर्यंत चाललं. निर्माता बॉब रॉक. त्याच्या नावावर मॉटली क्रूचा ‘डॉक्टर फीलगुड’ होता, म्हणून मेटॅलिकाचे कट्टर चाहते त्याच्यावर आधीच खार खाऊन. वाद्यवृंदाची संयोजना मायकेल केमनकडे गेली. पिंक फ्लॉइडच्या ‘द वॉल’वर काम केलेला माणूस. अल्बममध्ये त्याची व्हायोलिन्स इतकी मागे आहेत की हेडफोन लावून मुद्दाम ऐकवली तरच मुलांना सापडतात. नुसती ऑर्केस्ट्रा, आवाज आणि गिटार अशी आवृत्ती नंतर एका सिंगलसोबत आली, ती मला मूळ गाण्याहून गोड आणि म्हणूनच कमी आवडते. केमनला मात्र या जोडीत पुष्कळ दिसलं असावं. 1999 च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्को सिंफनी आणि मेटॅलिका बर्कलीच्या मंचावर एकत्र वाजले, तेव्हा संचालन त्याचं होतं.

सिंगल म्हणून गाणं 1992 मध्ये बाहेर आलं. अमेरिकेत बिलबोर्डवर 34 वर अडकलं, ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकावर गेलं. नुसते आकडे बघितले तर याला कुणी फार मोठं हिट म्हणणार नाही. त्याचं खरं आयुष्य चार्टबाहेर सुरू झालं. फिनलंडच्या अपोकॅलिप्टिकाने 1998 मध्ये ते चेलोवर वाजवलं. 2021 मध्ये या अल्बमच्या गाण्यांचा इतरांनी गायलेला संग्रह निघाला, त्यात एकट्या या गाण्याच्या डझनभर आवृत्त्या आहेत. आणि गिटारचे क्लास आहेतच, जगभरचे.

शेवटचा सोलोही हेटफिल्डचाच आहे. बँडमध्ये सोलो वाजवायचा मान कर्क हॅमेटचा, पण स्टुडिओतल्या या गाण्यात हॅमेट नाहीच. सोलोत वेग नाही, कसरत नाही. तार ओढून सूर वर नेलेला आणि तिथे थांबवलेला. क्लासमधली मुलं हे ऐकून चक्रावतात, कारण यूट्यूबवरच्या कार्यक्रमांत त्यांना उलटं दिसतं. अंधारात पहिल्या मोकळ्या तारा हॅमेट छेडतो, हेटफिल्ड नंतर येतो. हजारो लोकांसमोर एकट्याने ती सुरुवात करायची म्हणून तो भाग हॅमेटला नव्याने बसवावा लागला होता. जगातल्या नावाजलेल्या लीड गिटारिस्टांपैकी एक, आणि त्यालाही या सहा सुरांसाठी बसावं लागलं, हे मी अनामिकेवर चिडलेल्या प्रत्येकाला ऐकवतो. मग मेट्रोनोम आणखी दहाने कमी करतो.